पिकनिकच्या दिवशीच पोट का दुखतं?

संपादक साहेब, नमस्कार

मी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये एका चाळीत आठवी-नववीच्या मुलांची शिकवणी घेते. एक मुलगा, हुशार आहे, पण शाळेची पिकनिक किंवा गॅदरिंग आलं की नेमकं त्याचं पोट दुखतं. आधी मला वाटलं नाटक करतोय, मग कळलं की घरी पैसे मागायचेच नाहीत म्हणून हा स्वतःच आजारी पडतो, आणि गंमत म्हणजे पोट खरंच दुखतं हो. दहा बाय दहाच्या खोलीत पाच माणसं, भाडं थकलं की रात्री जी बोलणी होतात ती सगळी या पोरांच्या कानावर पडतात, झोप कुठून लागणार. आपण म्हणतो लक्ष नाही अभ्यासात.

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलिनात 1996 पासून चेरोकी जमातीच्या कुटुंबांना कॅसिनोच्या नफ्यातला वाटा मिळायला लागला, तेव्हा जी घरं गरिबीतून वर आली त्यांच्या मुलांचं चिडणं, भांडणं कमी झालेलं संशोधकांना दिसलं. म्हणजे दोष पोरांच्या स्वभावात नव्हताच ना.

आपल्याकडे मात्र 'ठाण्याला पाठवू का' हा जोक अजून चालतो, 1901 पासूनचं मनोरुग्णालय गावात असून. 14416 हा टेलिमानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर फुकट आहे, पण एकाच खोलीत सगळ्यांसमोर पोरगं फोनवर बोलणार तरी काय? शाळेतच समुपदेशक हवा, आणि पिकनिकचे पैसे वर्गात नाव पुकारून मागणं तर उद्यापासूनच बंद करता येईल, त्याला काही बजेट लागत नाही.

– एक शिकवणीवाली बाई, ठाणे (प.)