खरखर थोडी राहू द्या

संपादक साहेब,
स.न.वि.वि.

जुन्या शास्त्रीय गाण्याच्या रेकॉर्ड हल्ली साफ करून नव्याने मिळतात, ही चांगलीच गोष्ट आहे, पण ही सफाई कोणी कान देऊन करतं का असा प्रश्न पडतो. मागच्या महिन्यात अब्दुल करीम खांसाहेबांची 'जमुना के तीर' ही भैरवी अशीच 'रीमास्टर' केलेली विकत घेतली. वडिलांनी जपलेली तीच तबकडी आमच्याकडे आहे, कडेला टवका उडालाय पण वाजते छान, म्हणून दोन्ही पाठोपाठ लावून ऐकलं. नव्यात खरखर नावालाही नाही. पण खांसाहेब सूर लावून तो हळूहळू बारीक करत नेतात ना, जिथे आपणही श्वास धरून बसतो, नेमका तिथेच आवाज कापल्यासारखा बंद होतो, आणि तबकडीवर तोच सूर खरखरीच्या आत अगदी शेवटपर्यंत ऐकू येतो. वर त्याला घुमारा पण लावलाय, जवळ बसून ऐकल्यासारखं वाटणारं गाणं आता विहिरीतून आल्यासारखं वाटतं.

कारण साधं आहे. खरखर बहुतेक वरच्या पट्ट्यात, म्हणजे बारीक, उंच आवाजांत असते आणि आवाजाची धार, 'स' 'श' ची फुंकर, तंबोऱ्याची जवारी (तारांची झणझण) सगळं तिथेच असतं. कॉम्प्युटरला जे हळू ते कचरा, त्यामुळे एकाबरोबर दुसरं जातंच. गायिका गौहरजानने १९०२ मध्ये कलकत्त्याला मायक्रोफोनशिवाय, नुसत्या कर्ण्यासमोर गायलेल्या रेकॉर्डमध्ये मुळातच कमी उतरलंय, तिथे तर अजून जपून हात लावायला हवा, मायक्रोफोनवर रेकॉर्डिंग आलं ते १९२५ नंतर.

दुसरं म्हणजे स्पीड. आपण सरसकट ७८ (मिनिटाला ७८ फेरे) म्हणतो पण सुरुवातीच्या कितीतरी तबकड्या ७८ वर भरलेल्याच नाहीत, काही ७५ च्याही खाली आहेत. साधारण ६ टक्के जास्त वेगाने वाजवली की काळी एक ची पांढरी दोन होते, म्हणजे पट्टी अर्ध्या सुराने चढते, लय चढते आणि गळा उगाच बारीक वाटतो. मग नवीन पोरं म्हणतात की जुने लोक असं किरकिरं गायचे का हो, तेव्हा फार वाईट वाटतं.

म्हणून रेकॉर्ड काढणाऱ्यांना हात जोडून विनंती आहे की साफ केलेल्याबरोबर मूळ तबकडीवरून जसं उतरवलं तसं पण द्या, आणि कुठल्या स्पीडला उतरवलं, काय काय काढलं ते दोन ओळीत लिहा. तीन-साडेतीन मिनिटांची तर बाजू असते, दोनदा द्यायला कितीशी जागा लागणार आहे?

आणि ज्यांच्या माळ्यावर तबकड्या पडल्यात त्यांनी प्लीज भंगारात देऊ नका. उभ्या ठेवा, आडवी थप्पी लावली की वजनाने खालच्या तडकतात, आमच्या दोन अशाच गेल्या.

आपला,
एक श्रोता, मिरज