तीन तास आठ मिनिटांचं भांडण

नौपाडा, ठाणे
जूनअखेर

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र पोचलं. वाशीला तुमच्या सोसायटीच्या गच्चीवरच्या हॉलमध्ये जुलैत पॉल थॉमस अँडरसनचा 'मॅग्नोलिया' हा अमेरिकी चित्रपट दाखवायचं ठरलं, आणि समितीतच दोन तट पडले. निम्मे म्हणतात असा चित्रपट पुन्हा होणे नाही, निम्मे म्हणतात नुसतं रडणं-ओरडणं बघत तीन तास कोण बसणार. दोन्ही बाजूंची समजूत कशी घालू, असं विचारतोस. अरे, समजूत घालायच्या भानगडीत पडूच नकोस. १९९९ साली आल्यापासून हा चित्रपट तट पाडतच आला आहे. २००० साली बर्लिनच्या चित्रपट महोत्सवात त्याला सुवर्ण अस्वल, म्हणजे तिथलं पहिलं पारितोषिक, मिळालं. रॉजर इबर्टनं चारपैकी चार तारे दिले. आणि न्यूयॉर्क टाइम्सच्या जॅनेट मॅस्लिनना मात्र सगळी पात्रं गायला लागतात तिथून चित्रपट ढासळत गेला असं वाटलं. दोघंही कसलेले समीक्षक. तिथं तुझी समिती एकमतानं डोलेल ही अपेक्षाच चुकीची आहे.

मात्र एक गोष्ट तुझ्या हातात आहे. अशा लांबलचक, पात्रांचा गोतावळा असलेल्या चित्रपटावरच्या निम्म्या तक्रारी खरं तर दाखवण्यातल्या चुकांच्या असतात. संवाद ऐकू आले नाहीत, कोण कोणाचं ते कळलं नाही, मध्यंतर भलत्याच ठिकाणी झालं. आणि माणसं घरी जाताना म्हणतात, चित्रपट पाल्हाळिक होता. या तक्रारी आधीच काढून टाक. मग जे उरेल ते खरं मतभेदाचं भांडण, आणि ते व्हायलाच हवं.

आवाजापासून सुरू कर, कारण सगळ्यात जास्त घोळ तिथं होतो. या चित्रपटात जॉन ब्रायनचं संगीत प्रसंगांमागून थांबायचं नावच घेत नाही. एका घरातून दुसऱ्या घरात, तिथून स्टुडिओत, आणि खाली तोच सूर चालू. मूळ ध्वनी ५.१ चा, म्हणजे पाच स्पीकर आणि एक वूफर धरून केलेला. त्यात बहुतेक संवाद मधल्या स्पीकरला दिलेले असतात. तुमच्याकडे डावा-उजवा असे दोनच स्पीकर आहेत. प्लेअर ५.१ वरच राहिला तर संवाद दबतात, संगीत मात्र अंगावर येतं, आणि प्रेक्षक म्हणतो दिग्दर्शकानं कानठळ्या बसवल्या. प्लेअरच्या ऑडिओ सेटिंगमध्ये जाऊन आउटपुट स्टीरिओ कर, म्हणजे मधला आवाज दोन्ही बाजूंना वाटला जाईल. तपासायला चित्रपटातल्या टीव्हीवरच्या प्रश्नमंजूषेचा प्रसंग लाव. टाळ्या, वाद्यवृंद आणि निवेदक जिमी गेटर, तिन्ही एकदम असतात. शेवटच्या रांगेत बसून गेटरचा शब्द न् शब्द कळला तरच पुढं जा. इंग्रजी सबटायटल्स तरीही चालू ठेव. गच्चीवर पत्रा आहे, जुलैची सर आली की कोणताही स्पीकर हरतो.

चित्राची चौकट रुंद आहे, २.३९ ला १. तुमचा पडदा आठ फूट रुंद, साडेचार फूट उंच. त्यावर चित्राची उंची येईल जेमतेम तीन फूट चार इंच, वर-खाली सात-सात इंचांच्या काळ्या पट्ट्या. त्या पाहून कोणीतरी हमखास रिमोट हातात घेतो आणि चित्र ताणून पडदाभर करतो. चेहरे लांबुळके होतात. तसं होऊ देऊ नकोस. पडद्याची खालची कड जमिनीपासून साडेचार फुटांवर घे, नाहीतर सबटायटल्स पुढच्यांच्या डोक्यामागं जातील. आणि सुरुवातीची नांदी पाहून घाबरायचं कारण नाही. तिच्यातला १९११ चा भाग हातानं फिरवायच्या जुन्या पाथे कॅमेऱ्यावर चित्रित केलाय, चौकटही अरुंद आहे. प्रोजेक्टर बिघडला असं वाटून मध्येच झूम फिरवलास तर पुढचे तीन तास बिघडतील.

काचांना काळं कापड लाव, पातळ पडदे पुरायचे नाहीत. जुलैत सूर्य सव्वासातच्या सुमारास मावळतो. तू पाच चाळीसला सुरू करणार, म्हणजे पहिला दीड तास उजेडातच. क्लॉडिया नावाच्या पात्राच्या घरातल्या एका चित्राच्या कडेला बारीक अक्षरांत 'पण हे घडलंच' अशा अर्थाचं वाक्य लिहिलेलं आहे आणि कॅमेरा त्याच्यापर्यंत जातो. दाराजवळची ट्यूब पडद्यावर पडत असेल तर ते अजिबात वाचता येणार नाही. शेवटाबद्दल दिग्दर्शकाची बाजू ज्या चार-दोन अक्षरांत आहे, तीच निसटली तर काय उपयोग?

लांबीवरून समितीत जो आकड्यांचा वाद झाला म्हणतोस, त्याचं उत्तर सोपं आहे. एकजण म्हणतो १८८ मिनिटं, दुसऱ्याच्या डीव्हीडीवर १८० च, म्हणून कापलेली प्रत आली की काय. कापलेली नाही. चित्रपट सेकंदाला २४ फ्रेम्सचा, पाल या टीव्ही-पद्धतीची डीव्हीडी २५ नं चालते. १८८ ला २४ नं गुण, २५ नं भाग, साडेएकशेऐंशी येतात. तीच फिल्म चार टक्के वेगानं पळते आणि आवाजही किंचित वर चढतो. ब्लू-रे मिळत असेल तर तीच आण.

आणि 'तीन तास कोण बसणार' म्हणणाऱ्यांना वाडा-त्रयीची आठवण करून दे. १९९४ साली एलकुंचवारांची तिन्ही नाटकं चंद्रकांत कुलकर्णींच्या दिग्दर्शनात 'आविष्कार'नं सलग केली, आठ-नऊ तास, आणि आपली मराठी माणसं बसली. लांबी जाचते ती कोण कोणाचं हे लक्षात राहत नाही तेव्हा. तिथं धरणगावकरांचा एक वाडा होता, सगळे एका छपराखाली. इथं लॉस एंजेलिसजवळच्या सॅन फर्नांडो व्हॅलीत, एका दिवसात, नऊ माणसं नऊ ठिकाणी.

म्हणून दाराशी प्रत्येकाच्या हातात एक पान दे. त्यावर नावांची यादी नको, जोड्या हव्यात. पॉल थॉमस अँडरसननं नऊ गोष्टी लिहिलेल्याच नाहीत. मरायला टेकलेले दोन बाप आहेत, अर्ल पार्ट्रिज आणि जिमी गेटर, दोघांनाही कर्करोग. दोघांपासून तुटलेलं एकेक मूल, फ्रँक आणि क्लॉडिया. प्रश्नमंजूषेत जिंकणारी दोन मुलं, आजचा स्टॅन्ली आणि १९६८ चा डॉनी, जो आता मध्यमवयीन झालाय. दुसऱ्याचं ओझं उचलणारे दोन साधे पुरुष, नर्स फिल आणि पोलीस जिम. आणि एकटी लिंडा, अर्लची तरुण बायको, जिला जोडी नाही. मधोमध तो कार्यक्रम लिही: निर्माता अर्ल, निवेदक जिमी. एवढं पान हातात असलं की पहिल्या पाऊण तासात लागणारी दमछाक अर्धी होते. 'नऊ-नऊ कथा, एकही धड नाही' म्हणणारे बहुतेक लोक नऊ मोजत बसलेले असतात. जोड्या दिसल्या की डॉनीच्या प्रत्येक प्रसंगात स्टॅन्लीचं पुढचं आयुष्य दिसायला लागतं. ज्यांना ते आपसूक दिसतं त्यांचा तट आवडणाऱ्यांचा.

मध्यंतराशिवाय आपल्याकडं भागत नाही, मान्य. पण घड्याळ बघून बरोबर निम्म्यावर, ९४ व्या मिनिटाला थांबवू नकोस. तेव्हा प्रश्नमंजूषा अर्धवट असते, आणि स्टॅन्लीला स्वच्छतागृहात जाऊ देत नाहीत तो ताण चढत चाललेला असतो. तो ताण तुटला की पुढचं त्याचं 'मी उठणार नाही' हे कोरडं होऊन जातं. कार्यक्रम कोलमडून संपतो तिथं थांबव, दहा-बारा मिनिटं, त्याहून जास्त नाही. आदल्या दिवशी तुझ्याच प्लेअरवर ती जागा बघून वेळ कागदावर टिपून ठेव. बटाटेवडे आधीच कागदात बांधून ठेवायला सांग, प्लेटा मांडत बसलात तर पंचवीस मिनिटं गेली.

आता खरे मतभेद. पहिला त्या गाण्याचा. शेवटच्या तासात क्लॉडिया सोफ्यावर बसून गायला लागते, मग जिम, मग जिमी, डॉनी, फिल, अगदी शुद्ध हरपलेला अर्लसुद्धा, लिंडा, फ्रँक, आणि शेवटी स्टॅन्ली. प्रत्येकजण आपापल्या जागी, एकच गाणं पुढं नेत. ज्यांनी इथपर्यंत चित्रपट वास्तववादी म्हणून पाहिला त्यांना हा दगा वाटतो, आणि त्यांचं म्हणणं खोटं नाही, कारण तोवर कोणीही असं वागलेलं नसतं. पण दुसरी बाजूही भक्कम आहे. गायिका एमी मॅनची गाणी आधी होती, पटकथा त्यांच्या अवतीभवती उभी राहिली. क्लॉडिया जिमला 'मी आता तुला भेटलेय, पण पुन्हा कधीच भेटायचं नाही असं ठरलं तर तुझी हरकत असेल का' अशा अर्थाचं विचारते, ते वाक्यसुद्धा मॅनच्या गाण्यातलंच. म्हणजे गाणं हे चिकटवलेलं ठिगळ नाही, मूळ कापड तेच. आणि संगीत नाटकावर वाढलेल्या आपल्या प्रेक्षकाला हे पटायला अमेरिकनांपेक्षा सोपं जावं. बोलून सांगता येत नाही तिथं पात्र पद म्हणतं, हे आपल्याकडं कोणाला समजावून सांगावं लागत नाही. मला हा प्रसंग चित्रपटातला सर्वांत धाडसी आणि सर्वांत खरा वाटतो.

दुसरा मतभेद बेडकांच्या पावसाचा. याबद्दल आधी चकार शब्द काढू नकोस, पानावर तर नाहीच. पाहिल्यावर मात्र लोक विचारतील. बायबलमधल्या निर्गमच्या आठव्या अध्यायातलं दुसरं वचन बेडकांच्या पीडेची धमकी देतं. ८ आणि २ हे आकडे चित्रपटभर पेरलेत. हवामानाच्या पाटीवर पावसाची शक्यता ८२ टक्के, स्टुडिओतल्या प्रेक्षकांत त्या वचनाचा फलक, नांदीतल्या जुगारात हवा असतो दोन आणि येतो आठ. हे आकडे सापडले म्हणजे बेडूक पटले असं नाही. कोडं सुटल्याचा आनंद आणि प्रसंग मनाला भिडणं या दोन वेगळ्या गोष्टी, चर्चेत त्यांची गल्लत होऊ देऊ नकोस. माझ्यासाठी तो पाऊस स्टॅन्लीमुळं टिकतो. सगळं शहर हादरलेलं असताना हे पोर ग्रंथालयात शांत बसून म्हणतं, असं होतं, असं घडत असतं.

नांदीतल्या तीन योगायोगांवरूनही 'हे खरंच घडलं का' असा वाद निघेल. उत्तर तयार ठेव. ग्रीन, बेरी, हिल या तिघांच्या फाशीची गोष्ट मुळात सतराव्या शतकातल्या लंडनची, सर एडमंड बेरी गॉडफ्रे खून प्रकरणातली. चित्रपटानं ती १९११ मध्ये आणली. गच्चीवरून उडी मारणाऱ्या मुलाची गोष्ट डॉन हार्पर मिल्स या न्यायवैद्यक तज्ज्ञानं १९८७ साली एका मेजवानीच्या भाषणात रचून सांगितली होती. झाडावरचा पाणबुडा ही निव्वळ दंतकथा. नांदीचा निवेदक मात्र तिन्ही शपथेवर सांगतो.

एक तक्रार मी विनातक्रार मान्य करतो. सुरुवातीला कपाटात जो मृतदेह सापडतो त्याचा उलगडा होतच नाही. लहानगा डिक्सन गाण्यातून खुन्याचं नाव सुचवतो आणि तो धागा विरून जातो. 'वर्म' नावाच्या पात्राचं उपकथानक संकलनात कापलं गेलं, त्याची ही उसवलेली शिवण. १८८ मिनिटं घेणाऱ्यानं ती तरी नीट करायला हवी होती. आवडणाऱ्यांनी इथं बचाव करू नये, उगाच बाजू लंगडी पडते.

आणि नावडणाऱ्यांनी फिलचा दूरध्वनी विसरू नये. मरणाऱ्या अर्लचा मुलगा शोधायचा म्हणून हा नर्स वाण्याकडून पाव, सिगारेटी, शेंगदाण्याचं लोणी मागवतो, आणि संकोचत तीन अश्लील मासिकं. त्यांत फ्रँकच्या, पुरुषांना बायका पटवायला शिकवणाऱ्या शिबिरांच्या, जाहिरातीचा नंबर असतो. मग अनोळखी विक्रेत्याला विनवतो, की चित्रपटात असा प्रसंग असतो ना, तो हा, आणि असे प्रसंग चित्रपटात येतात कारण ते खरोखर घडतात. फिलिप सेमूर हॉफमन आवाज न चढवता हे करतो. सगळे सारखेच किंचाळतात, या आरोपाला एवढं एक माणूस पुरे.

लहान मुलांना आत घेऊ नकोस. फ्रँकची शिबिरं, अंमली पदार्थ, बापानं मुलीवर केलेला अत्याचार, हे सगळं आहे. प्रदर्शनाची परवानगी आधी लेखी घे, सोसायटीचा हॉल असला तरी.

पाच चाळीसला सुरू, मध्यंतर बारा मिनिटं, बरोबर नऊला संपेल. चर्चा अर्धा तास, म्हणजे ठाण्याकडं परतणाऱ्यांना ट्रान्स-हार्बर लोकल आरामात मिळेल. चर्चेत 'आवडला का' विचारू नकोस, पाच मिनिटांत दोन टोळ्या होऊन बसतात. चिठ्ठ्या वाट आणि एकच प्रश्न लिही: कोणत्या प्रसंगाला तुम्ही घड्याळ पाहिलंत? चिठ्ठ्या प्रसंगांप्रमाणं लाव आणि सर्वांत जाड गठ्ठ्यापासून सुरुवात कर. त्या प्रसंगाला ज्यांनी घड्याळ पाहिलं नाही त्यांना आधी बोलू दे, मग पाहिलेल्यांना. एकाच दोन-चार मिनिटांबद्दल दोघं बोलायला लागले की भांडणाला धार येते.

वहिनींना नमस्कार. जोड्यांचं पान लिहून झालं की छापण्याआधी माझ्याकडं पाठव, लिंडा कुठं मांडलीस ते मला बघायचं आहे.

तुझाच