डेक्स्टरचा हिशोब कुठे चुकला

प्रिय सुहास,

शेवटच्या भागानं ‘डेक्स्टर’ची माती केली, हे तुझं म्हणणं मला पटत नाही. 22 सप्टेंबर 2013 चा तो भाग वाईट आहेच. डेक्स्टर, म्हणजे मायामी पोलिसांचा रक्ततज्ज्ञ आणि लपून खुन्यांचे खून करणारा नायक, बहीण डेब्राचा व्हेंटिलेटर बंद करतो, तिचा देह हॉस्पिटलमधून उचलून बोटीवर नेतो आणि वादळाच्या धावपळीत त्याला कुणी हटकतही नाही. मग बोट वादळात घालून मेल्याचं भासवतो आणि शेवटी लाकूडतोड्या होऊन कुठेतरी बसलेला दिसतो. पण 8 सीझन, 96 भाग चाललेली मालिका एका भागात बिघडत नाही रे. दुखणं 2010 च्या पाचव्या सीझनमध्ये सुरू झालं. डेक्स्टरनं जे केलं त्याची किंमत त्याच्याकडून वसूल करणंच लेखकांनी तिथे सोडून दिलं.

चौथा सीझन आठव. ट्रिनिटी हा सीरियल किलर म्हणजे आर्थर मिचेल. त्याला मारायची संधी डेक्स्टरला अनेकदा मिळते आणि तो ती दर वेळी पुढे ढकलतो, कारण बायको-मुलं सांभाळून खून कसे करता येतात, हे त्याला या माणसाकडून शिकायचंय. पोलिसांनाही तोच भलत्या दिशेला वळवतो. परिणाम काय, तर 13 डिसेंबर 2009 च्या भागात बाथटबमध्ये डेक्स्टरची बायको रीटा मेलेली आणि जमिनीवर रक्तात बसलेला त्यांचा तान्हा हॅरिसन. लहानपणी कंटेनरमध्ये आईच्या रक्तात बसलेला डेक्स्टरही असाच होता. हा धक्का आभाळातून पडलेला नाही. मागच्या बारा भागांत डेक्स्टरनं स्वतः घेतलेल्या निर्णयांची बेरीज आहे ती, म्हणून तर तो अजून अंगावर येतो.

आता पाचवा सीझन बघ. रीटाच्या मृत्यूनं केवढं काही उघडं पडायला हवं होतं! सुरुवातीला तसं होतंही. एफबीआयला संशय येतो, डेक्स्टरच्या खात्यातल्या क्विन या पोलिसाला येतो, रीटाची मुलगी ॲस्टर सावत्र बापावर चिडते. पण थोड्याच भागांत ॲस्टर आणि तिचा भाऊ कोडी आजी-आजोबांकडे रवाना होतात, हॅरिसनला दाई मिळते आणि घर मोकळं. क्विनचा धागा मला सगळ्यात जास्त खटकतो. तो लिडी नावाच्या निलंबित पोलिसाला डेक्स्टरच्या मागावर लावतो. लिडीकडे फोटो येतात, चित्रण येतं. मग डेक्स्टर लिडीला मारतो आणि पुरावे नाहीसे करतो. लिडीच्या रक्ताचा थेंब क्विनच्या बुटावर सापडतो आणि डेक्स्टर अहवाल फिरवून क्विनलाच वाचवतो. एवढा पक्का संशय असलेला पोलीस त्यानंतर आभार मानून गप्प बसतो, तो कायमचाच. पात्राची अक्कल कथेच्या सोयीनं अशी काढून घेतली, की पुढे त्याच्यावर काहीच उभं करता येत नाही.

त्याच सीझनच्या अखेरीस डेब्रा, जी स्वतः पोलीस आहे, पिस्तूल रोखून प्लास्टिकच्या पडद्यासमोर उभी असते. पलीकडे डेक्स्टर आणि तो जिच्या सूडात साथ देतोय ती ल्यूमेन, मध्ये दोन पावलांचं अंतर. ती पडदा बाजूला सारत नाही. पळून जायला वेळ देते आणि निघून जाते. तिला त्या दोघांबद्दल वाटणारी दया मला कळते, ती प्रामाणिकपणे लिहिली आहे. पण ज्या प्रसंगासाठी पाच वर्षं तयारी चालली होती, तो तिथे हातचा घालवला. पडदा सरकला असता तर सहावा सीझन आपोआप उभा राहिला असता: डेब्रा लेफ्टनंट, भाऊ खुनी, आणि बारा भाग.

योगायोगाचं गणित लेखकांना चांगलं माहीत असतं. योगायोगानं नायक अडकला तर प्रेक्षक मान्य करतो, योगायोगानं सुटला तर फसवल्यासारखं वाटतं. खरं सांगायचं तर बीज दुसऱ्या सीझनमध्येच पडलं होतं. डेक्स्टरचं गुपित कळलेल्या डोक्स या पोलिसाला पिंजऱ्यात कोंडल्यावर त्याचं काय करायचं, हा डेक्स्टरपुढचा सर्वांत अवघड प्रश्न होता, कारण डोक्स निर्दोष होता आणि फक्त खुन्यांनाच मारायचं, या दत्तक बाप हॅरीच्या नियमांत तो बसत नव्हता. उत्तर डेक्स्टरची प्रेयसी राहिलेल्या लिलानं दिलं, स्फोट घडवून. डेक्स्टरला हात मळवावे लागलेच नाहीत. त्या वेळी हे खपलं, कारण बाकीची वीण घट्ट होती.

सहाव्या सीझनची तक्रार वेगळी. ट्रॅव्हिस या खुन्याचा गुरू प्रोफेसर गेलर आधीच मेलेला आहे, हे नवव्या भागात फ्रीझर उघडल्यावर कळतं. पण तो ट्रॅव्हिसखेरीज कुणाशी बोलत नाही, हे आपण कधीच हेरलं होतं. मेलेला हॅरी डेक्स्टरशी बोलताना तिसऱ्या सीझनपासून पाहिलेल्या प्रेक्षकांची नजर याच युक्तीवर तयार झालेली. पहिल्या सीझनमध्ये हेच किती शहाणपणानं हाताळलं होतं! आइस ट्रक किलर नावाचा खुनी कोण, हे आठव्या भागाच्या शेवटी सांगून टाकलं. उरलेल्या चार भागांत डेब्रा त्याच माणसाच्या प्रेमात, आणि आपला जीव टांगणीला. माहिती लपवण्यापेक्षा वेळेवर दिल्यानं ताण जास्त वाढतो.

सातव्यात काही काळ जीव आला, तोही याच कारणानं. चर्चमध्ये पोलीस अधिकारी लाग्वेर्ताला एक रक्ताची काचपट्टी सापडते, डेक्स्टर प्रत्येक बळीची ठेवतो तशी. इतकी छोटी वस्तू, पण ती डेक्स्टरच्या हातून राहिलेली, त्यामुळे तिच्यामागून येणारं सगळं खरं वाटतं. आठव्यात मग डॉ. व्होगेल ही मानसोपचारतज्ज्ञ येते आणि सांगते की हॅरीचे नियम मुळात तिच्या मदतीनं बनले. सात सीझन जिचा उल्लेखही नाही, ती आता पाया होऊन बसते. हॅरीनं काय पाप केलं, हा प्रश्नच त्यामुळे निम्मा पुसला जातो.

तू पुन्हा पाहायला घेणारच आहेस, तर एक कागद जवळ ठेव. तीन रकाने कर: डेक्स्टरनं काय केलं, कुणी पाहिलं किंवा मागे काय राहिलं, आणि त्याची किंमत कोणत्या भागात मोजली. खुनांपुरतं थांबू नकोस. खोटं बोलणं, बदललेला अहवाल, मुलांच्या शाळेला मारलेली दांडी, सगळं मांड. पहिल्या चार सीझनमध्ये तिसरा रकाना उशिरा का होईना, भरत जातो. पाचव्यापासून तिथे कोऱ्या जागा दिसतील आणि जिथे नोंद असेल तिथे बहुधा दुसऱ्याच कुणाचं नाव असेल: लिडी, लाग्वेर्ता, शेवटी डेब्रा.

लाग्वेर्ताच्या खुनाबद्दल मात्र आपलं एकमत होईल असं वाटत नाही. मला तो या शेवटच्या वर्षांतला सर्वांत धाडसी प्रसंग वाटतो, आणि डेब्राच्या हातून गोळी सुटल्यावर पुढचं लिहायला कुणी धजलं नाही, याचंच वाईट वाटतं. तुझा कागद भरला की पाठव, क्विनच्या ओळीपासून वाचायला घेईन.

तुझा,
समीर