नववा प्रश्न विचारण्याआधी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

कॉलेजच्या मुलामुलींच्या सवयी आणि मनःस्वास्थ्याची सर्वेक्षणं आता कोल्हापुरातही होऊ लागली आहेत, हे चांगलंच आहे. पण बऱ्याचदा वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर गुगल फॉर्मची लिंक पडते आणि पहिल्याच रकान्यात नाव, रोल नंबर! सरांच्या हाती जाणाऱ्या फॉर्मवर कोण खरं लिहील?

मनःस्थितीसाठी बहुधा पीएचक्यू-९ ही नैराश्याची लक्षणं तपासणारी प्रश्नावली वापरतात. गेल्या दोन आठवड्यांबद्दल नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. गुण १० किंवा जास्त आले तर तज्ज्ञांनी भेटून तपासायचं; नुसत्या आकड्यावरून नैराश्याचा शिक्का मारायचा नाही. यातला नववा प्रश्न जीव नकोसा होण्याबद्दल, स्वतःला इजा करण्याच्या विचारांबद्दल आहे. एखादी मुलगी तिथे 'जवळजवळ रोज' वर खूण करते आणि तो कागद एक्सेलमध्ये चढेपर्यंत महिनाभर कपाटात पडून राहतो. हे अक्षम्य आहे.

म्हणून फॉर्मवर नावाऐवजी क्रमांक घाला. क्रमांक-नावाची यादी फक्त समुपदेशकाकडे, कुलपात. नवव्या प्रश्नाला शून्याशिवाय काहीही उत्तर आलं तर ती यादी उघडली जाईल, हे मुलांना फॉर्म देण्याआधीच स्पष्ट सांगा. ती उत्तरं त्याच दिवशी वाचली गेली पाहिजेत. कुणाला पाठवायचं, हे सीपीआर या कोल्हापूरच्या सरकारी रुग्णालयाच्या मानसोपचार विभागाशी आधीच बोलून ठरवा. एवढं जमणार नसेल तर डब्ल्यूएचओ-५ ही जागतिक आरोग्य संघटनेची मनःस्वास्थ्याची छोटी प्रश्नावली घ्या. त्यात पाचच प्रश्न आहेत, आत्महत्येचा एकही नाही. २५ पैकी गुणांना ४ ने गुणायचं, ५० किंवा कमी आले तर पुढे चौकशी करायची. फॉर्म कुठलाही असो, खाली टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर ठळक छापा. तिथे रात्रंदिवस फुकट, मराठीतून बोलता येतं.

सवयींचे प्रश्न तर फारच ढोबळ असतात. 'व्यसन आहे का?' याला सगळे 'नाही' म्हणतात. 'गेल्या ३० दिवसांत किती दिवस मावा, गुटखा, मिश्री, सिगारेट?' असं एकेक नाव घेऊन विचारा. मिश्री लावणं अनेकांना व्यसन वाटतच नाही. 'नाश्ता करता का?' पेक्षा 'आज सकाळी काय खाल्लं, किती वाजता?' हे बरं. राधानगरी-गारगोटीहून पहाटेच्या एसटीने येणाऱ्याचा चहा-बिस्किटांवरचा दिवस त्यातच दिसतो. झोपेचंही तसंच: मोबाईल कधी ठेवला, उठलात कधी, ते विचारा.

परीक्षेच्या तोंडावर फॉर्म वाटू नका, दोन आठवड्यांच्या प्रश्नात परीक्षेचंच टेन्शन उतरतं. अकरावी-बारावीच्या १८ वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती हवीच.

आणि मुलं निवडायची ती हजेरीपटावरून, दर दहावं नाव. त्या दिवशी वर्गात बसलेल्यांनाच फॉर्म दिले तर खचून कॉलेजला यायचंच बंद केलेली मुलं निसटतात. गैरहजर नावांशी आठवड्याभरात निदान दोनदा संपर्क करायला हवा.

आपले,
विद्यार्थी आरोग्य सर्वेक्षणाचं काम करणारे काही शिक्षक व समुपदेशक, कोल्हापूर