काकी, आठ पिल्लं जगली

काकी, तोंडावर आभार मानले की तुम्ही "गप रे, आभार कसले" म्हणून उठून जाता, म्हणून इथे लिहितोय, नातू वाचून दाखवेलच.

मागच्या वर्षी मी काय घोळ घातलेला ते तुम्हाला माहितीये. तांबडी कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसली, मी खूश, खुराड्यातच बसू दिली. बाकीच्या चौघी तिच्याच घरट्यात येऊन अंडी घालत राहिल्या आणि मला पत्ताच नाही. एकविसाव्या दिवशी तीन पिल्लं निघाली, ती घेऊन बाई उठली ती उठलीच, बाकीची अंडी गार पडली. फोडून बघितलं तर अर्ध्यांत पिल्लू भरत आलेलं, दोन दिवस जेवण गेलं नाही मला. तीनमधलं एक पाण्याच्या वाडग्यात बुडालं, दोन मुंगसाने नेली.

यंदा ती परत खुडूक झाल्यावर तुम्ही स्वतः डालगं, म्हणजे विणलेली मोठी टोपली, घेऊन आलात. पडवीच्या कोपऱ्यात वेगळी जागा, खाली भाताचं तूस, अकराच अंडी आणि प्रत्येकावर कोळशाची रेघ, म्हणजे उपरं अंडं लगेच ओळखू येतं. तिला तिथे हलवायचं तेही रात्री, अंधारात. दिवसातून एकदाच वीसेक मिनिटं बाहेर काढायचं, दाणापाणी, राखेत लोळणं, की परत आत. सातव्या रात्री मोबाईलच्या टॉर्चवर अंडं धरून तुम्ही ती लाल शिरांची जाळी दाखवलीत ना, ते मी विसरणार नाही. शेवटचे तीन दिवस सारखा उचलून बघायला जात होतो तेव्हा हातावर फटका मारलात, तोही बरोबरच होता.

नऊ निघाली. पहिल्या दिवशी काही खाईनात म्हणून मी घाबरून तुमच्याकडे पळत आलो, तर म्हणालात, अरे पोटात बलक असतो त्यांच्या, दीडदोन दिवस निघतात, तिला उठवू नको. मग बारीक कणी, आणि पाणी बरणीच्या झाकणात, त्यात खडे टाकून.

लासोटाचं, म्हणजे मानमोडी रोगाच्या लशीचं, तर मला सुचलंच नसतं. नऊ पिल्लांसाठी शंभर डोसची बाटली कोण आणणार, आणि एकदा कालवली की दोनेक तासांत संपवावी लागते. तुम्ही वाडीतल्या पाच घरांची पिल्लं एका सकाळी गोळा केलीत, थर्मासमध्ये बर्फ, प्रत्येकाच्या डोळ्यात एक थेंब. मानमोडी आली की अख्खं खुराडं रिकामं होतं हे तुम्ही बघितलंय, मी नुसतं ऐकलंय.

एक घारीने नेलं, ती चूक माझी, दुपारी जाळीचं दार उघडं राहिलं.

आता सात आठवडे झाले, तांबडी पिल्लांना टोचून लांब करतेय, कालपासून अंड्यावर पण आलीय. आणि पांढरी सकाळपासून घरट्यातून हलत नाहीये, हात नेला की फुगून गुरगुरतेय. तर काकी, डालगं अजून महिनाभर ठेवू का?