फुलं नंतर द्या, आधी आमची नाडी बघा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

१२ मे जवळ आला की आपल्या नागपुरातल्या रुग्णालयांत परिचारिका दिनाची लगबग सुरू होते. मेडिकल असो, मेयो असो की धंतोली-रामदासपेठेतली खासगी रुग्णालयं, कार्यक्रम ठरलेला. फ्लॉरेन्स नाइटिंगेलच्या तसबिरीला हार, मेणबत्त्या, शपथ, गुलाबाचं फूल, एखाद्या पाहुण्याचं भाषण. अलीकडे त्यात तणावमुक्तीच्या शिबिराची भर पडली आहे. त्या शिबिराला बहुधा नाईट करून आलेल्या पोरीच बसवतात, कारण दिवसपाळीच्या वॉर्ड सोडून येऊ शकत नाहीत! असो.

मी निवृत्त परिचारिका आहे आणि अशी भाषणं आयुष्यभर ऐकत आले. त्यात एक गोष्ट मात्र कुणी सांगत नाही. दिवा घेऊन फिरणारी ही बाई क्रिमियाच्या युद्धात तापानं फणफणली, १८५६ मध्ये मायदेशी परतली आणि १८५७ मध्ये, वयाच्या सदतिसाव्या वर्षी, कोसळली. पुढची अनेक वर्षं तिनं बहुतांश अंथरुणावरूनच काम केलं. हिंदुस्थानातल्या लष्कराच्या आरोग्याबद्दलचा १८६३ चा अहवाल गाजला, त्यामागचं तिचं काम याच आजारपणातलं. तो आजार ब्रुसेलोसिस असावा असा तर्क १९९५ मध्ये एका अभ्यासकानं मांडला. त्याआधी कुणी ते मज्जातंतूंचं दुखणं ठरवलं होतं, तर काही चरित्रकारांनी चक्क सोंग. तिच्या या दीर्घ आजारपणामुळेच १९९२ पासून १२ मे हा तिचा जन्मदिवस मायाल्जिक एन्सेफलोमायलायटिस, म्हणजे एमई किंवा क्रॉनिक फटीग सिंड्रोम या श्रमानंतर बळावणाऱ्या दीर्घ आजाराच्या जागृतीसाठीही पाळला जातो. आपल्याकडे त्यातला परिचारिका दिन तेवढा पोहोचला.

या आजाराचा आणि रुग्णालयांचा संबंध जुना आहे. १९३४ मध्ये लॉस एंजेलिसच्या सरकारी रुग्णालयात पोलिओची साथ चालू असताना १९८ कर्मचारी विचित्र दुखण्यानं आडवे झाले. १९५५ मध्ये लंडनच्या रॉयल फ्री रुग्णालयात डॉक्टर, परिचारिका आणि इतर कर्मचारी मिळून २९२ जण आजारी पडले आणि जुलैपासून ऑक्टोबरपर्यंत रुग्णालय बंद ठेवावं लागलं. १९७० मध्ये दोन मानसोपचारतज्ज्ञांनी जुने कागद चाळले आणि ही सामूहिक हिस्टेरियाची साथ होती असा निष्कर्ष काढला. आजारी पडलेल्यांत बायकांचं प्रमाण जास्त, हा त्यांचा एक आधार. त्या बायकांपैकी एकीलाही त्यांनी समोर बसवून विचारलं नव्हतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १९६९ मध्येच हा आजार मज्जासंस्थेच्या विकारांत नोंदवला होता, तरी पुढची कित्येक वर्षं हिस्टेरियाचा शिक्काच टिकला आणि संशोधनाला पैसा मिळेनासा झाला.

आता हे सगळं उकरून काढायचं कारण कोविड. एप्रिल २०२१ मधलं नागपूर ज्यांनी वॉर्डाच्या आतून पाहिलं त्यांना त्याचं वर्णन ऐकवायची गरज नाही. विशाखापट्टणमहून रेल्वेनं ऑक्सिजनचे टँकर आणावे लागले होते, एवढं सांगितलं तरी पुरे. त्या वेळी पीपीई किटमध्ये उभ्या राहिलेल्या सिस्टर, मावशी, सफाई कामगार, लॅबवाले आणि रुग्णवाहिकांचे चालक यांतले काही जण अजून पूर्वीसारखे झालेले नाहीत. जागतिक आरोग्य संघटनेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये या अवस्थेची, म्हणजे दीर्घ कोविडची, व्याख्या केली: लागण झाल्यावर साधारण तीन महिन्यांनी दिसणारी, किमान दोन महिने टिकणारी आणि दुसऱ्या कुठल्याही निदानानं उलगडत नसलेली लक्षणं. यातल्या काही रुग्णांची लक्षणं एमईशी हुबेहूब जुळतात.

माझ्या हाताखाली तयार झालेल्या एका सिस्टरचं उदाहरण डोळ्यांसमोर आहे. कामाला वाघीण. कोविडनंतर तिला ड्युटीची पाळी झेपेना. कामाच्या दिवशी कशीबशी ड्युटी करायची, घरी जेवायची, झोपायची, आणि तिसऱ्या दिवशी केस विंचरायला हात वर होत नसे. औषधाचा डोस मोजताना आकडे डोक्यात राहत नाहीत म्हणून घाबरून तीच मागे सरायची. हिमोग्लोबिन, थायरॉइड, बी-बारा, एक्स-रे, इको, सगळे रिपोर्ट नॉर्मल. मग सल्ले सुरू झाले: टेन्शन घेऊ नका, रोज फुटाळा तलावाला चक्कर मारा, वजन उतरवा. ती इमानदारीनं चालली आणि आणखी खचली. वरिष्ठांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, "काऊन वो सिस्टर, ड्युटीवरच बरी थकता तुम्ही?" ती घरीही थकत होती, पण घरी पाहायला कोण गेलं होतं?

इथं एक भेद नीट करायला हवा. कमी माणसं, सलग नाईट, नातेवाइकांच्या शिव्या यांनी येणारा शीण खरा आहे, त्याला बर्नआउट म्हणतात आणि त्यावरचा इलाज माणसं भरणं हा आहे. एमई वेगळा. त्यात सोसण्यापलीकडे श्रम झाले की काही तासांनी किंवा एक-दोन दिवसांनी सगळं दुखणं उसळतं आणि झोप झाली तरी ताजंतवानं वाटत नाही. अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २०१५ मध्ये निदानाच्या निकषांत हेच केंद्रस्थानी ठेवलं. ब्रिटनच्या नाइस या संस्थेनं ऑक्टोबर २०२१ मध्ये व्यायाम ठरावीक टप्प्यांनी वाढवत नेण्याचा उपचार आपल्या मार्गदर्शिकेतून काढून टाकला. २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या संशोधकांनी दीर्घ कोविडच्या रुग्णांना सायकल चालवायला लावून आधी आणि नंतर स्नायूंचे तुकडे तपासले, तेव्हा श्रमानंतर स्नायूंची हानी वाढलेली दिसली. डिकोड-एमई या ब्रिटिश प्रकल्पानं ऑगस्ट २०२५ मध्ये १५,५७९ रुग्णांवरून या आजाराशी जोडलेल्या जनुकसंचातल्या आठ जागांचे प्राथमिक निष्कर्ष मांडले. त्यावरून औषध निघायला वेळ लागेल, पण "मनाचे खेळ" म्हणून वाटेला लावण्याची सोय आता राहिलेली नाही.

आमच्याकडे खरी कोंडी कागदावर होते. नाव नसलेल्या आजाराचं प्रमाणपत्र कोण देणार? आणि प्रमाणपत्राशिवाय रजा नाही. महाराष्ट्र नागरी सेवा रजा नियम, १९८१ मध्ये विशेष विकलांगता रजा आहे. नेहमीपेक्षा जास्त धोक्याचं काम करताना जडलेल्या आजाराचाही त्यात विचार आहे. पण वैद्यकीय मंडळासमोर ठेवायला रिपोर्ट हवा आणि रिपोर्ट तर नॉर्मल! केंद्राच्या प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेतला ५० लाखांचा विमा मृत्यूसाठी होता. जी वाचली आणि कामाला मुकली, तिला त्यात जागा नव्हती. जर्मनीत आरोग्य कर्मचाऱ्यांचा कोविड व्यावसायिक आजार मानला जातो. आपल्या १९२३ च्या भरपाई कायद्याच्या (२०२५ मध्ये त्याची जागा सामाजिक सुरक्षा संहितेनं घेतली) तिसऱ्या अनुसूचीतही रुग्णसेवेत किंवा प्रयोगशाळेत जडणारे संसर्गजन्य आजार होतेच, पण ते वापरून पाहणारं कुणी माझ्या ऐकिवात नाही. कंत्राटी सिस्टर आणि आशाताईंचं तर बोलायलाच नको. त्यांच्यासाठी आजारपण म्हणजे बिनपगारी दिवस.

संशोधन म्हटलं की कोट्यवधींचे आकडे आठवतात. अमेरिकेनं दीर्घ कोविडसाठी एका झटक्यात १.१५ अब्ज डॉलर ठेवले होते. आपल्याला तेवढ्याची गरज नाही, सुरुवातीला तर मुळीच नाही. याच शहरातल्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेनं २०२१ मध्ये मिठाच्या पाण्याच्या गुळण्यांवर कोविडची चाचणी बसवून दाखवली होती. मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स मिळून हजारो कर्मचारी आहेत, आणि पदव्युत्तरच्या प्रत्येक विद्यार्थ्याला प्रबंध लिहावाच लागतो. मधुमेहाच्या ओपीडीवरचे प्रबंध किती झाले ते ग्रंथालयातली कपाटं सांगतील. मेडिसिन आणि जनऔषधवैद्यक विभागांनी त्यातले दोन-चार प्रबंध आपल्याच कर्मचाऱ्यांवर का लावू नयेत?

त्याला लागतं काय? एक खाट, घड्याळ आणि रक्तदाबाचं यंत्र. रुग्णाला दहा मिनिटं निजवून नाडी आणि दाब घ्यायचा, मग उभं करून दहा मिनिटं दर मिनिटाला नोंद करायची. दाब न पडता नाडी ३० ठोक्यांनी वाढून तशीच राहिली तर पॉट्स या, उभं राहताच नाडी वाढण्याच्या, विकाराचा विचार करायचा. अशा रुग्णांत तो पुष्कळदा आढळतो आणि पाणी, मीठ, घट्ट दाब देणारे पायमोजे, औषधं यांनी बऱ्याच जणांना उतार पडतो. जवळ कुणीतरी उभं राहावं, चक्कर येऊ शकते. आणि चाचणी सकाळी करावी. मेअखेरच्या नवतप्यात दुपारी दोनला नागपुरात कुणाचीही नाडी वर जाईल, तो आजाराचा पुरावा नव्हे.

ज्यांच्यात लक्षणं सापडतील त्यांना नाईटमधून सूट, बसून करता येईल असं काम आणि दोन पाळ्यांत पुरेसं अंतर द्यावं. व्यायामाची सक्ती तर मुळीच नको. वैद्यकीय मंडळानं विशेष विकलांगता रजेसाठी त्या नोंदी ग्राह्य धराव्यात आणि कंत्राटी कर्मचाऱ्यांनाही तोच नियम लावावा. याला मंत्रालयाचा नवा आदेश लागेल असं म्हणतील. लागू दे. पण कर्मचाऱ्यांच्या आरोग्य तपासणीच्या फॉर्मवर "काम केल्याच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्रास वाढतो का?" हा एक प्रश्न वाढवायला अधिष्ठात्यांची सही पुरेल, आणि ती या १२ मेच्या आधीही होऊ शकते.

आपली,
एक निवृत्त परिचारिका, नागपूर