मित्रास पत्र: बारा गुण आले, पण आले कुठून?

प्रिय मित्रा,

तुझं पत्र मिळालं. दवाखान्यात पीएचक्यू-९, म्हणजे नैराश्याच्या लक्षणांची नऊ प्रश्नांची, दर प्रश्नाला ० ते ३ गुणांची प्रश्नावली, भरून घ्यायला लागलायस, आणि १२ गुण आलेल्या पेशंटला गोळ्या सुरू करायच्या का, असं विचारलंयस. नुसत्या १२ वर काही सांगता येणार नाही. ते १२ कुठून आले, ते आधी बघ.

समज, एकाला झोप, थकवा, भूक आणि एकाग्रता या चार प्रश्नांत ३-३ गुण आहेत, बाकी सगळीकडे शून्य. दुसऱ्याला कशात रस न वाटणं, उदास वाटणं आणि स्वतःविषयी वाईट वाटणं यांत ३-३, थकव्याला २ आणि नवव्या, म्हणजे मरणाच्या विचारांच्या, प्रश्नाला १. बेरीज दोन्हीकडे १२. पहिल्याचं हिमोग्लोबिन, थायरॉइड, साखर तपास, घोरतो का ते घरच्यांना विचार. रस न वाटणं आणि उदास वाटणं हे फॉर्मवरचे पहिले दोन्ही प्रश्न शून्यावर असताना नैराश्याचं निदान बसत नाही. त्यांतलं एक तरी लक्षण निम्म्याहून जास्त दिवस असावं लागतं. दुसऱ्याशी मात्र त्याच दिवशी, दार लावून बोल. बेरीज मांडण्याआधी पहिल्या दोन ओळी आणि नववी ओळ वाचायची सवय लाव.

पट्ट्या तुला ठाऊक आहेतच: एकूण २७ पैकी ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून मध्यम-तीव्र, २० पासून तीव्र. १० ची रेघ, म्हणजे जिथून पुढे नैराश्याचा संशय घ्यायचा, ती २००१ सालच्या मूळ अभ्यासातून आली; तिथे संवेदनशीलता (आजारी असलेल्यांतले किती सापडतात) आणि विशिष्टता (आजार नसलेल्यांतले किती रेघेखाली राहतात) दोन्ही ८८ टक्के निघाल्या. आकडा झकास वाटतो, पण जनरल प्रॅक्टिसमध्ये तो लावून बघ. हजार जणांत १०० जणांना खरंच नैराश्य आहे असं धर. त्यांतले ८८ सापडतील. उरलेल्या ९०० पैकी १२ टक्के, म्हणजे १०८ जण, आजार नसताना रेघेच्या वर जातील. रेघ ओलांडणाऱ्या १९६ जणांत निम्म्याहून जास्त आजारी नाहीतच! निदान मुलाखतीतून करायचं ते म्हणूनच.

नवव्या प्रश्नाचं जरा सविस्तर सांगतो. त्यात दोन गोष्टी एकत्र आहेत: मेलेलं बरं असं वाटणं, आणि स्वतःला इजा करण्याचे विचार. त्यामुळे १ गुणामागे ‘देवानं आता न्यावं’ एवढंच असू शकतं किंवा ठरवून ठेवलेला बेतही. कुठल्याही शून्येतर उत्तरावर सरळ विचार: जीव द्यावासा वाटतो का, कसं करायचं हे ठरवलंय का, साधन हाताशी आहे का, आधी कधी प्रयत्न केला होता का. विचारल्यानं कुणाच्या डोक्यात विचार शिरत नाही. उलट, शून्य लिहिलंय म्हणून निर्धास्तही राहू नकोस. शेजारी नातेवाईक बसून फॉर्म भरून घेत असेल तर खरं उत्तर कोण लिहिणार? फॉर्म बाहेरच्या टेबलावर भरला जात असेल तर पेशंट निघण्याआधी तो तुझ्या नजरेखालून गेलाच पाहिजे. संध्याकाळी गठ्ठा चाळण्यात अर्थ नाही.

भरताना लोक हमखास ‘गेल्या दोन आठवड्यांत’ हे शब्द सोडून देतात आणि वर्षभराचं दुःख लिहितात. वाचता येत नसेल तर प्रश्न मोठ्यानं वाच, पण आपल्या पदरचे शब्द घालू नकोस. गुण न मोजला जाणारा शेवटचा प्रश्न, म्हणजे या त्रासानं कामात, घरात किती अडचण होते, तो बरेच जण गाळतात. मला तो फार मोलाचा वाटतो. ११ गुणांवर नोकरी सुटलेली असते आणि १६ गुणांवर माणूस कसाबसा सगळं रेटत असतो.

पुन्हा मोजताना दोन आठवड्यांच्या आत मोजू नकोस, नाहीतर दोन्ही वेळचे दिवस एकमेकांवर चढतात. ५ गुणांचा फरक खरा मान. १४ चे १२ झाले म्हणून डोस हलवू नकोस. गुण निम्म्यावर आले तर उपचार लागू पडतोय, ५ च्या खाली गेले की आजार उतरला असं धरतात.

आणि मध्येच प्रश्नावली बदलू नकोस. ब्रिटनमध्ये २००६ पासून काही वर्षं जनरल प्रॅक्टिशनरांना तीव्रता मोजण्याचा मोबदला मिळत होता आणि पीएचक्यू-९, एचएडीएस (चिंता आणि नैराश्य मोजणारी दुसरी प्रश्नावली) किंवा बेकची नैराश्याची प्रश्नावली यांतलं काहीही चालत असे. पीएचक्यू-९ वर त्याच माणसाची पट्टी एचएडीएसपेक्षा वरची येण्याकडे कल दिसला. एचएडीएस मुळात रुग्णालयातल्या पेशंटसाठी, झोप-भुकेसारखी शारीरिक लक्षणं वगळून बेतलेली.

आता तुझा १२ गुणांचा पेशंट. पहिल्या दोन ओळी भरलेल्या निघाल्या आणि गोळ्यांचा विचार पक्का झाला, तर त्याआधी एक प्रश्न विचार जो फॉर्मवर कुठेच नाही: कधी आठवडाभर झोप कमी होऊनही अंगात भलताच उत्साह, खर्च, बडबड, असं झालं होतं का? उत्तर हो असेल तर हा द्विध्रुवी विकार (बायपोलर) असू शकतो; प्रिस्क्रिप्शन थांबव आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठव. तुझ्या पेशंटच्या ओळी मला कळव.

तुझा,
जुना मित्र